पोत्यातून आणलेली भेग

मी भेगा मोजते. लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी खरं उत्तर दिलं, की समोरचा माणूस आधी माझ्या टाचांकडे बघतो. मग सांगावं लागतं, टाचांच्या नाही हो, जमिनीच्या. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडतात त्या. मी विद्यापीठात शिकवते, आणि शिकवून उरलेला वेळ विदर्भातल्या वावरांमधून तार घेऊन हिंडते. भेगेत तार सोडायची, टेकली की खूण करायची, बाहेर काढून मोजायची. एप्रिल-मे महिन्यात नागपुरातली शहाणी माणसं कूलरपुढे पालथी पडलेली असतात, तेव्हा माझा हंगाम असतो. लोक आंब्यासाठी उन्हाळ्याची वाट बघतात, मी जमीन फाटायची.

हे ऐकून लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर हसतात, नाही तर "अच्छा अच्छा" म्हणून मठ्ठ्याच्या काउंटरकडे सरकतात. मला त्याचा राग येत असे. आता फारसा येत नाही, असं म्हटलं असतं; पण खोटं कशाला बोला, येतोच. मी मुळात तापट आहे. माझा नवरा रामदासपेठेतल्या एका बँकेत आहे आणि तो काय करतो हे त्याला आयुष्यात कुणाला समजावून सांगावं लागलेलं नाही.

पण बाहेरच्यांचं हसणं पचवता येतं. मला लागलं होतं ते घरातलं. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे मामाजी म्हणतो, वर्ध्याच्या रस्त्यावरच्या एका गावात अजून स्वतः शेती बघतात. कापूस, तूर, थोडी संत्र्याची झाडं. एके काळी गावचे सरपंच होते. कुठेही ओळख करून द्यायची झाली की ते आधी "माजी सरपंच" म्हणतात, मग नाव, मग वावर किती ते, आणि एवढं झाल्यावर समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत देतात. त्यानंतर घरच्यांची पाळी. "हा मुलगा, बँकेत साहेब आहे. अन् हे सून." सून काय करते, असं कुणी विचारलं तर, "हे कॉलेजात आहे," आणि लगेच पाण्यापावसावर गाडी.

वास्तविक माझं अर्धं काम त्यांच्याच वावरात झालंय. लग्नानंतर लवकरच मी त्यांना भीत भीत विचारलं होतं, धुऱ्याजवळचा, बांधालगतचा एक पट्टा मला द्याल का, न नांगरता, न पेरता? कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. देतो म्हणाले आणि दिला. तेव्हापासून दर वर्षी तो पट्टा मोकळा असतो. त्यात मी भेगांच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. पावसाळ्यात भेगा मिटतात, गवत वाढतं, खुंट्या गवतात हरवतात. उन्हाळ्यात मी जाऊन बघते, भेग पुन्हा त्याच दोन खुंट्यांमधून पडली का जागा सोडून गेली. एवढाच माझा प्रश्न. भेग मिटते म्हणजे संपते की नुसती झाकते? याच एका प्रश्नावर माझे केस पांढरे झाले.

एका उन्हाळ्यात मी टोपी घालून पट्ट्यात उकिडवी बसले होते. धुऱ्यावरून जाणाऱ्या एकाने मामाजींना हाक मारली. "सरपंच, हे पट्टा पडीत काहून ठेवून राहिले गा? अन् हे सूनबाई काय पाहून राहिली त्याच्यात?"

मामाजी म्हणाले, "सरकारी काम आहे."

तो माणूस समजल्यासारखी मान हलवून निघून गेला. सरकारी काम म्हटलं की विदर्भात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. सरकारचा त्या कामाशी काडीचा संबंध नव्हता. माझं काम त्यांना लपवावंसं वाटलं, हे मला इतकं झोंबलं की त्या दिवशी मी जेवताना एक शब्द बोलले नाही. मामाजींना वाटलं, मला ऊन लागलं. त्यांनी माझ्यासाठी कांदा ठेचून आणला.

त्यांनी एकदा तरी, एका तरी माणसाला, सून काय करते ते सरळ सांगावं, ही माझी इच्छा तेव्हाची. बढती मिळाली, परदेशात जाऊन निबंध वाचून आले, विद्यार्थी डॉक्टरेट मिळवून गेले. ती इच्छा काही हलली नाही. त्यांना ते सांगता यायचं तर आधी कळायला हवं आणि कळायचं तर मी सांगायला हवं. पण आमच्या घरात सासऱ्यांना समोर बसवून व्याख्यान द्यायची पद्धत नाही. कुठल्या घरात असते?

आमच्या प्रताप नगरात एक वाचनालय आहे. त्याच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा विद्यापीठाचा कुणी तरी प्राध्यापक येऊन आपलं संशोधन साध्या माणसांना सांगतो. हे चालवतात एक निवृत्त न्यायाधीश. त्यांना सगळे जजसाहेब म्हणतात. जजसाहेबांनी सुरुवातीलाच शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांना हद्दपार केलं. वक्त्याचा परिचय एका वाक्यात. कारण, ते म्हणतात, आपल्याकडे परिचय करून देणारा माणूसच पाऊण तास खातो आणि मग वक्त्याला "वेळेअभावी थोडक्यात" म्हणतो. वक्त्याने मराठीत बोलायचं आणि लोकांना हातात घेता येईल अशी एक तरी वस्तू आणायची. पडद्यावरची चित्रं चालतील, पण वस्तू पाहिजेच.

आणि शेवटी आभारप्रदर्शन नाही. त्याऐवजी श्रोत्यांपैकी एकाने उठायचं, आपण कोण ते सांगायचं आणि ऐकलेलं सगळं वक्त्याला परत सांगायचं. वक्त्याने ते बरोबर की चूक ते सगळ्यांसमक्ष बोलायचं, चूक असेल तर दुरुस्त करायचं, आणि मगच चहा. ही रीत त्यांनी कोर्टातून उचलली. तिथे साक्षीदाराची जबानी लिहून झाली की त्याला वाचून दाखवतात, हेच बोललास ना बाबा, आणि मग सही घेतात. "तुम्ही प्राध्यापक लोक बोलता आणि निघून जाता," ते म्हणतात. "समोरच्याच्या डोक्यात काय लिहिलं गेलं, हे कोण बघणार?"

या रिवाजाने मोठमोठ्यांना घाम फोडलाय. रसायनशास्त्राच्या एका सरांनी घसा कोरडा होईस्तोवर बोलून झाल्यावर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर फार विद्वान आहेत." जजसाहेब म्हणाले, "हे जबानीत नव्हतं. बसा." आकाशातल्या ताऱ्यांवर बोलून गेलेल्या एका प्राध्यापकांना एका आजींनी परत सांगितलं, "थोडक्यात काय, आपण नसलो तरी त्यांचं काही अडत नाही," आणि ते सर इतके खूश झाले की त्यांनी आजींना खाली उतरून नमस्कार केला. मी दर महिन्याला जाते. वर्गात परीक्षा मुलांची असते, तिथे आपली असते. मला ती फार आवडते, दुसऱ्याची असेपर्यंत.

तर गेल्या मे महिन्यात पाळी माझी आली. विभागातल्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "याचे गुण धरतात का बढतीला?" नाही म्हटल्यावर त्याचा रस आटला. मला मात्र झोप येईना. जजसाहेबांना मीच म्हटलं होतं, मे महिन्यात ठेवा, माझा विषय मे महिन्याचाच आहे. त्यांनी "लोक यायचे नाहीत" म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं होतं, येतील.

वस्तू म्हणून काय न्यायचं, हे मला आधीपासून माहीत होतं. मामाजींच्या एका डोळ्याचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि माझ्या व्याख्यानाच्याच दिवशी सकाळी त्यांना धंतोलीत डॉक्टरांना दाखवायला यायचं होतं. मी फोन केला. म्हटलं, "मामाजी, येताना माझ्या पट्ट्यातलं एक मोठं ढेकूळ आणाल का? मधून भेग गेलेलं. फुटू देऊ नका. संध्याकाळी मला लोकांना दाखवायचंय. आणि तुम्हीही चला ना तिथे."

"म्या तिथं येऊन काय करू?"

"बसा. ऐका."

"बरं. ढेकूल आणतो," ते म्हणाले. येतो म्हणाले नाहीत.

पण आले. मी विद्यापीठातून परस्पर वाचनालयात पोचले तर जिन्याच्या पायथ्याशी नवऱ्याची गाडी आणि शेजारी पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि डोळे तपासणाऱ्यांनी दिलेला काळा गॉगल अशा थाटात मामाजी उभे. पायाशी पोतं. नवरा ते उचलायला गेला तर त्यांनी हात लावू दिला नाही. मी वाकून बघायला गेले तर मलाही नाही. "आता नाई. तिथं सगळ्यायच्या समोर उघडजो. असं आणलं का मातीचा कण हालला नाई." आवाजात असा काही ऐटीचा सूर होता की मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

लोक आले होते. जजसाहेबांनाही नवल वाटलं. हॉलच्या दोन्ही खिडक्यांत मोठे कूलर घरघरत होते, मोकळी खुर्ची दिसत नव्हती. मामाजी पहिल्या रांगेत, कारण जजसाहेबांनी टोपी पाहून त्यांना तिथेच बसवलं. जजसाहेबांनी माझा परिचय एका वाक्यात उरकला आणि मी सुरू केलं. प्रताप नगरातल्या लोकांना मी आधी त्यांच्याच कंपाउंडच्या भिंती दाखवल्या. दर उन्हाळ्यात ती भेग पडते ना? मिस्त्री येऊन सिमेंट भरतो ना? पुढच्या उन्हाळ्यात शेजारून पुन्हा पडते ना? माना हलल्या. म्हटलं, मिस्त्रीला शिव्या देऊ नका, खाली काळी माती आहे. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि तुमचं घर तिच्या पाठीवर बसलंय. लोक हसले. मला जोर आला.

आणि मग मी म्हटलं, "चित्रं पुरे झाली. आता खरी भेग हातात घेऊन बघा. आमच्या वावरातून आज सकाळी आली आहे." पोत्याची सुतळी सोडली.

पोतं ओलं होतं. आत आणखी एक बारदान, तेही ओलं. आणि त्याच्या आत, बारदानाला चिकटून बसलेला, तेल लावल्यासारखा चकचकीत, गुळाच्या ढेपेएवढा काळा गोळा. भेग नावालाही नाही. बोट फिरवलं तर बोटाला चिखल.

माझ्या लगेच लक्षात आलं. मामाजी आयुष्यभर नर्सरीतून संत्र्याची कलमं आणत आलेत. कलम आणायचं तर मुळाशी मातीचा गोळा तसाच ठेवायचा, ओल्या बारदानात बांधायचा, वाटेत सुकू द्यायचा नाही, म्हणजे फुटत नाही. मी सांगितलं होतं, फुटू देऊ नका. त्यांनी त्यांच्या हिशेबाने जिवापाड जपून आणलं होतं. एसटी जिथे थांबेल तिथे, आणि मग दुपारभरही, बाटलीतलं पाणी शिंपडत आले होते, हे नंतर कळलं.

मागून कुणी तरी म्हणालं, "मॅडम, भेग कुठे गेली?" आणि हॉल हसला.

मामाजी उठले. गॉगल काढून ते गोळ्याकडे बघत राहिले. मग लोकांकडे वळून म्हणाले, "होती न बाप्पा! हात जाईन एवढी होती!" लोक आणखी हसले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते हळूच मला म्हणाले, "बाई, म्या तुवं काम खराब केलं."

मला राग आला होता, हे खरं. एवढं शिकून, एवढी वर्षं घालवून, भर सभेत चिखलाचा गोळा हातात. पण त्यांचं ते वाक्य ऐकलं आणि राग त्यांच्यावरचा निघून हसणाऱ्यांवर गेला. माजी सरपंच माणूस, पहिल्यांदा माझ्या कामाला आला, तर त्याला हसता? आणि त्या रागातच मला दिसलं की अरे, वेडे, तुझा सगळा प्रश्न या टेबलावर पडलाय. भेग मिटली आहे. कुठे होती हे सांगणारा साक्षीदार इथेच उभा आहे. आणखी काय पाहिजे?

"मामाजी," मी मोठ्याने म्हटलं, "कुठून कुठे गेली होती?"

"आँ?"

"भेग. तुम्हीच खणून काढलंय ना ढेकूळ? बोटानं दाखवा."

ते पुढे आले. गोळा दोन्ही हातांनी थोडा फिरवला, बाजू ओळखली आणि नखाने वरच्या वर, माती न दाबता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दाखवलं. "इथून निंघाली, इथं थोडीशी वाकली, अन् इथं खाली गेल्ती." मी त्या दोन टोकांना दोन आगकाड्या खोचल्या. वावरात खुंट्या ठोकते तशा. मग चौकीदाराला बाहेरचा हॅलोजनचा दिवा आणायला सांगितला आणि तो गोळ्याच्या अगदी जवळ लावला. म्हटलं, पाणी वरवर शिंपडलंय, आतलं ढेकूळ कोरडं आहे, म्हणजे वाळायला वेळ लागणार नाही. वाळलं की बघू, भेग आपल्या जागी येते का.

आणि मग मी ते म्हटलं, जे नागपुरात मे महिन्यात म्हणणं म्हणजे जिवावर उदार होणं आहे. "कूलर बंद करा."

क्षणभर कुणाला खरंच वाटलं नाही. "कूलरची हवा दमट असते," मी म्हटलं. "माती वाळू देणार नाही."

"मॅडम, माती वाळेपर्यंत आम्ही वाळू ना!" एक जण ओरडला.

जजसाहेबांनी सगळीकडे नजर फिरवली आणि चौकीदाराला बोटाने खूण केली. घरघर थांबली. एकदम इतकं शांत झालं की रस्त्यावरचा रसवंतीचा घुंगरू ऐकू आला. वर हॅलोजनची आच. लोकांनी वर्तमानपत्रं, पदर, टोप्या, जे सापडेल त्याने वारा घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं, आता उठतील. एकही उठला नाही. हे मी फुशारकीने सांगते आहे आणि पुढेही सांगत राहीन. गुणांची विचारणा करणाऱ्या त्या सहकाऱ्याला तर मुद्दाम जाऊन सांगितलं.

घामाने निथळत मी पुढचं बोलले. वरची भुसभुशीत माती भेगेत कशी गळते, पावसाने भेग मिटली की खालची माती वर कशी सरकते, पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून सरळ खोल कसं जातं. कागदावरचं एकही वाक्य मी वाचलं नाही. समोर गॉगल मांडीवर ठेवून मामाजी बसले होते आणि मी त्यांच्याकडे बघूनच बोलत होते. इतक्या वर्षांत जेवणाच्या ताटावर बोलू शकले नाही ते सगळं.

बोलणं संपलं. जजसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "परत कोण सांगतं?"

पहिल्या रांगेतून मामाजी उठले. लोकांकडे नाही, ते आधी टेबलाकडे गेले. नवा झालेला डोळा गोळ्याच्या अगदी जवळ नेला. मला बघायचं धाडस होत नव्हतं. मातीचा काय भरवसा? वावरात मी मोठ्या मोठ्या भेगा बघितल्या होत्या, हॅलोजनखाली पोत्यातला गोळा कधी ठेवला नव्हता.

"उघडली," मामाजी म्हणाले.

पुढचे लोक खुर्च्या सोडून धावले. केसाएवढी बारीक रेघ होती. एका काडीपासून निघाली होती, मध्ये, त्यांनी सांगितलं होतं तिथेच, थोडी वाकली होती आणि दुसऱ्या काडीच्या अगदी बुडाशी येऊन थांबली होती. कुणी तरी टाळी वाजवली. जजसाहेबांनी सगळ्यांना खाली बसवलं. "जबानी बाकी आहे," ते म्हणाले.

मामाजी टेबलाला हात टेकून उभे राहिले. घसा साफ केला. सरपंच असताना ग्रामसभेत बोलायचे त्याच आवाजात ते बोलले.

"हे बाई सांगते का, आपली जमीन पाणी पेली का फुगते, वाळली का आकसते. आकसली का फाटते. आपण म्हणतो, जमीन फाटली, काही खरं नाई. पण तसं नाई. वरची माती त्या भेगीत पडते, पावसानं भेग मिटते, अन् खालची माती वर येते. म्हणजे आपण नांगर जुपाच्या आधीच जमिनीनं आपलं अर्धं काम करून ठेवलं राह्यते. दुसरी गोष्ट. पयला पाऊस ह्या भेगीतून सिधा खाली जाते, खोल. म्हणून पयल्या पावसाच्या आधी भेगा बुजवाच्या नाई. आमी बुजवत होतो. ढोराचा पाय अटकते म्हणून. मले हे माहीत नोतं, आज माहीत झालं." त्यांनी गोळ्याकडे बोट केलं. "अन् तिसरी गोष्ट हे. भेग मिटली म्हणजे गेली नाई. पुढच्या उन्हायात तिथंच येते. हे पाहासाठी हे बाई आमच्या वावरात खुट्या ठोकून ठेवे. लोकं मले इचारत, काय पाह्यते? म्या म्हणो, सरकारी काम आहे." त्यांनी मान हलवली. "सरकारी नाई. तिचं सोताचं काम आहे."

जजसाहेब माझ्याकडे वळले. "जबानी बरोबर?"

नुसतं "बरोबर" म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. पण रीत म्हणजे रीत, आणि शिक्षकाची जात. मी डोळे पुसत म्हटलं, "एक दुरुस्ती आहे. लहान भेगांचं तसं नसतं, मामाजी. त्या दर वर्षी जागा बदलतात. फक्त मोठ्या भेगा जागेवर येतात."

"हो, ते राह्यलं," ते लगेच म्हणाले. "ल्हान्या भटकतेत. मोठी जागा सोडत नाई. लिवून घ्या, साहेब."

लोक हसले, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. चौकीदाराने न सांगताच कूलर सुरू केले. जजसाहेब म्हणाले, "सरपंच, आपली ओळख राहिली. रिवाजाप्रमाणे आधी सांगायची असते." त्यांना सरपंचकी कुठून कळली कोण जाणे, बहुधा मामाजींनी आल्या आल्याच सांगितली असणार.

मी मनात म्हटलं, आता घ्या. माजी सरपंच, मग नाव, मग वावर किती ते. मलाही आज ते सगळं ऐकायचं होतं.

मामाजींनी टोपी नीट केली. हॉलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी ना?" ते म्हणाले. "मी ह्या प्रोफेसर बाईचा सासरा."

आणि गॉगल लावून खाली बसले.